हीट पंप घ्यायचाय? आधी घर मोजा

ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटात घर आणि आंघोळीचं पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर दडलेला असतो आणि त्यावर २४ किंवा ३० किलोवॉट असा आकडा असतो. बॉयलर काढून हीट पंप बसवायचं ठरलं की पहिला गोंधळ या आकड्यामुळे होतो. बॉयलर २८चा आहे, मग पंप निदान १६चा तरी हवाच, असं वाटतं. पण तो आकडा घर ऊबदार ठेवण्यासाठी नसतोच. शॉवर सुरू करताच थंडगार पाणी वाहता वाहता तापवायचं असतं, त्यासाठी एवढी ताकद लागते. तेच घर कडक थंडीत गरम ठेवायला बहुधा ५ ते ८ किलोवॉट पुरतात.

हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत आणतो. काही पंपांत वापरला जाणारा प्रोपेन वायू साध्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो, त्यामुळे शून्य अंशाची हवाही त्याला उकळवायला पुरेशी ‘गरम’ असते. त्याची वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबल्यामुळे ती तापते आणि रेडिएटरच्या, म्हणजे खोलीत भिंतीला लावलेल्या गरम पाण्याच्या पट्ट्यांच्या, पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. झुरिकच्या टाउन हॉलमध्ये १९३८ सालापासून लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता काढली जात होती. तेव्हा ‘हे नवीन तंत्रज्ञान आहे, अजून थोडं थांबू’ ही सबब फारशी टिकत नाही.

खरा प्रश्न आहे तो पाणी किती गरम करायचं याचा. एक युनिट वीज घालून किती युनिट उष्णता मिळते, त्या आकड्याला सीओपी म्हणतात. बाहेर शून्य अंश असताना ३५ अंशांचं पाणी हवं असेल, तर उष्मागतिकीनुसार सीओपीची कमाल मर्यादा ८.८ येते. पाणी ५५ अंशांचं हवं असेल तर ती ६ वर उतरते. प्रत्यक्षातली यंत्रं या मर्यादेच्या जेमतेम निम्म्यापर्यंत पोहोचतात, म्हणजे साधारण ४ आणि ३च्या आत. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग असतं. बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर बिलात बरोबरी साधायलाच साडेतीनच्या वर सीओपी लागतो. (विजेचा खास स्वस्त दर मिळाला किंवा गॅसची जोडणीच काढून टाकली, तर हिशेब सुधारतो.) म्हणून कोणत्या कंपनीचा पंप घ्यावा यापेक्षा आपलं घर ४० ते ४५ अंशांच्या पाण्यावर तापेल का, हे मी आधी विचारेन.

अडचण रेडिएटरची असते. त्याची छापील क्षमता सरासरी ७० अंशांचं पाणी धरून दिलेली असते. पाणी सरासरी ४५ अंशांचं झालं की तोच रेडिएटर सुमारे ४० टक्केच उष्णता देतो. काही खोल्यांत रेडिएटर मुळातच गरजेपेक्षा मोठा असतो, तिथे निभावतं. बाकी ठिकाणी दुहेरी पट्ट्यांचा मोठा रेडिएटर लावावा लागतो. जमिनीखालून नळ्या टाकल्या असतील तर ३५ अंशही पुरतात.

पैसे घालण्याआधी दोन गोष्टी घरबसल्या तपासता येतात. पहिली म्हणजे ऐन थंडीत बॉयलरचं पाणी ५० अंशांवर आणून ठेवायचं आणि दोन-तीन दिवस घर कसं तापतं ते पाहायचं. जी खोली गारठेल, तिथला रेडिएटर बदलायचा. दुसरी तपासणी मीटरची. गोठवणाऱ्या दिवशी सकाळी गॅसचा आकडा टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. समजा १३ घनमीटर गॅस जळला. एका घनमीटरमागे सुमारे ११ युनिटं, म्हणजे १४३. त्यातली ९० टक्के घराला मिळाली, म्हणजे १२९. याला २४ तासांनी भागलं की ५.४ किलोवॉट येतात, आणि आंघोळीचं पाणीही त्यातच आलं. एवढ्यावर यंत्र मागवायचं नाही, पण खोलीनिहाय मोजमाप न करता कुणी १२ किलोवॉटचं कोटेशन पुढे केलं, तर कारण विचारायला हा आकडा हाताशी असतो.

मोठा पंप घेतला तर बिघडतं काय? पंप आपली ताकद एका मर्यादेपर्यंतच खाली आणू शकतो. मार्च-एप्रिलच्या सौम्य दिवसांत घराची गरज त्याहूनही कमी असते, मग तो सारखा सुरू-बंद होत राहतो. त्यात वीज वाया जाते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. याच कारणाने तो मंद आणि सलग चालू द्यावा लागतो. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करण्याचे संस्कार झालेल्या मराठी माणसाला हे जड जातं खरं.

‘आमचा पंप ७० अंश देतो’ ही जाहिरात आर-२९० म्हणजे प्रोपेनच्या पंपांबद्दल असते आणि ती खोटी नसते. पण ७० अंशांवर रोज चालवलात, तर सीओपीचं काय होईल ते वरच्या हिशेबातून कळतंच. प्रोपेन घेण्याचं अधिक चांगलं कारण वेगळं आहे. जागतिक तापमानवाढीच्या मापावर कार्बन डायऑक्साइड १ धरला, तर पंपात वापरले जाणारे इतर वायू, म्हणजे जुना आर-४१०ए २,०८८ आणि आर-३२ ६७५ वर येतात, तर प्रोपेन ३च्या आसपास येतो. तो ज्वलनशील आहे, म्हणून बाहेरचं यंत्र खिडक्या, दारं आणि गटाराच्या तोंडापासून ठरावीक अंतरावर ठेवावं लागतं. छोट्या अंगणात जागा शोधताना इथेच घोडं अडतं.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकार बॉयलर बदलायला ७,५०० पौंडांचं अनुदान देतं, पण काम एमसीएस या प्रमाणन योजनेत नोंदलेल्या कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं. कोटेशन हातात आलं की पंपाची क्षमता कोणत्या परिस्थितीतली आहे ते बघा. माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा बहुतेकदा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असतानाचा असतो. बाहेर उणे ३ आणि पाणी ४५ अंश असताना तोच पंप कमी उष्णता देतो. त्यातच ब्रिटनच्या दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ साचतो आणि तो वितळवण्यासाठी पंप मधूनमधून काही मिनिटं उलटा चालतो. मीटरवरून काढलेला ५.४ किलोवॉट हा आकडा ताडून पाहायचा तो माहितीपत्रकातल्या उणे ३च्या रकान्याशी.