औषध बाधलं की औषध चुकलं?

अंगावर पुरळ उठलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "औषध बाधलं." चौकशी बहुतेकदा तिथेच संपते. पण बाधणं वेगळं, चुकणं वेगळं.

पेनिसिलिनचंच घ्या. रुग्णाला त्याची अ‍ॅलर्जी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, इंजेक्शन दिलं आणि अंगावर गांधी उठल्या. ही रिअ‍ॅक्शन. औषध बरोबर, डोस बरोबर, शरीराला मानवलं नाही इतकंच. वर्षभराने तोच रुग्ण पुन्हा आला. केसपेपरवर 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असं लिहिलेलं होतं, तरी त्याच घराण्यातलं अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं गेलं. गांधी तशाच उठल्या, पण ही चूक. कातडीकडे कितीही निरखून पाहा, फरक दिसणार नाही. तो केसपेपरात सापडतो.

चूक झाली म्हणजे अपाय झालाच पाहिजे असंही नाही. शेजारच्या खाटेवरची गोळी हातात ठेवली, ऐनवेळी नाव विचारलं आणि परत घेतली, तरी ती चूकच. अशा चुका कुणी नोंदवत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणाऱ्या याच.

रिअ‍ॅक्शन पहिल्यांदा येते तेव्हा ती सहसा आधी ओळखता येत नाही; नोंद ठेवायची आणि पुढच्या वेळी औषध बदलायचं. चुकीला मात्र आधीच अडवता येतं, तेही फुकटात. '१.०' मधला टिंब पुसट झाला की दहा होतात, म्हणून नुसतं '१' लिहायचं. '.५' चे पाच होतात, म्हणून '०.५'. इन्सुलिनच्या आकड्यापुढचं इंग्रजी 'यू' शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. तिथे 'युनिट' हा अख्खा शब्द लिहायचा.

खरी गोची मेथोट्रेक्सेटसारख्या औषधात होते. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तोंड येणं हा तिचा माहितीतला साइड इफेक्ट, आणि चुकून रोज घेतली गेली तरी तोंडच येतं. "होतं असं या गोळीने" म्हणून सोडून दिलं, तर रोजची गोळी चालूच राहते, रक्तपेशी घटत जातात आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहायचं. आणि तोंड आल्याची तक्रार घेऊन कुणी आलं, की मलम देण्याआधी विचारायचं, "गोळी कोणत्या वारी घेता?"