शुद्ध गणित आणि कास्तकाराचा पैसा

एकीकडे कास्तकाराचं कर्ज, मेळघाटातलं कुपोषण, पावसाळ्यात तुटणारे गडचिरोलीचे रस्ते. अशा मुलखात कोणी मूळ संख्यांवर आयुष्य घालवावं का, आणि त्याला सरकारने पैसा द्यावा का? हा प्रश्न आजचा नाही. त्याचं एक जुनं लेखी उत्तर बुलढाण्याची सीमा ओलांडली की जळगाव जिल्ह्यात सापडतं.

चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाची ती नोंद. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पैशाचा हिशेब आला की भाषा जुनी मराठी होते, कारण तो बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. गिऱ्हाइकाकडून आणि विकणाऱ्याकडून येणाऱ्या करातला वाटा मठाला, तेलाच्या घाण्यांकडून तेल मठाला. थोडक्यात, तेल्याने आणि वाण्याने भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाचा अभ्यास पोसला.

त्या बदल्यात त्यांना काय मिळालं? पंचांग आणि ग्रहणाचं गणित मिळालं, हे खरं. पण भास्कराचार्य तेवढ्यावर थांबले नव्हते. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती? त्यांनी चक्रवाल पद्धतीने सगळ्यात लहान उत्तर काढलं : २२६१५३९८०, आणि येणारा वर्ग १७६६३१९०४९ चा. ६१ चंच हे कोडं फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातलं. पाटणच्या तेल्याला या आकड्याचा काडीचा उपयोग नव्हता. कोणी त्याला विचारलंही नसणार.

उपयोग नसणं ही लाज नसून अभिमानाची गोष्ट आहे, असं ठणकावून सांगणारा माणूस बराच नंतर आला. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, रामानुजनला १९१४ मध्ये इंग्लंडला बोलावून घेणारे. १९४० साली, युद्ध पेटलेलं असताना, त्यांनी आपल्या पेशाची बाजू मांडणारं छोटं पुस्तक लिहिलं. आपल्या कुठल्याही शोधाने जगाच्या सुखसोयीत भर पडलेली नाही, असं त्यात ते सांगतात. या बढाईला युद्धाचा संदर्भ होता. उपयोगाला न येणारं गणित माणसं मारायलाही उपयोगी पडत नाही, हा त्यांचा दिलासा होता. संख्यांचा सिद्धांत (नंबर थिअरी) आणि सापेक्षता युद्धाच्या कामाची नाहीत, असं ते लिहून गेले. पाच वर्षांत अणुबॉम्ब पडला, आणि पुढे संख्यांचा सिद्धांत गुप्त संदेशांच्या कामाला लागला.

गंमत म्हणजे याच हार्डींचं एक काम विदर्भातल्या दवाखान्यांपर्यंत पोचलं आहे. १९०८ मध्ये त्यांनी एका विज्ञान नियतकालिकाला पत्र पाठवलं. प्रबळ गुण, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा गुण, पिढ्यान्‌पिढ्या पसरत सगळ्यांना व्यापत का नाही, असा जीवशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता. हार्डींनी पाढ्यांच्या पातळीचं गणित करून तो सोडवला : एरवी काही ढवळाढवळ नसेल तर गुणांचं प्रमाण पुढच्या पिढ्यांत तेवढंच राहतं. त्याच वर्षी जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनीही तेच स्वतंत्रपणे दाखवलं होतं.

आता सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. गडचिरोली, चंद्रपूर भागात "एएस" म्हणजे एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेला वाहक आणि "एसएस" म्हणजे दोघांकडून आलेला आजारी, ही भाषा गावातल्या माणसालाही कळते. धरा, एखाद्या समाजात दर दहा जनुकांमागे एक सिकलचं आहे. मग दोन गुणिले ०.९ गुणिले ०.१, म्हणजे शंभरात १८ जण एएस, आणि ०.१ चा वर्ग, म्हणजे शंभरात एक एसएस. हजार वस्तीच्या गावात १८० वाहक आणि दहा रुग्ण. लग्नं नात्यात आणि ठरावीक घरांत होत असतील तर आकडा बदलतो, तो सुधारून घ्यावा लागतो. तपासणीसाठी किती किट लागतील, समुपदेशन किती जोडप्यांना द्यावं लागेल, याचा पहिला अंदाज या गुणाकारातून निघतो.

मात्र हे उदाहरण शुद्ध गणिताच्या बाजूने वापरणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. लोकांच्या कामी आला तो हार्डींचा दहावीच्या पोराला जमेल असा गुणाकार. ज्या खोल संशोधनाला त्यांनी जन्म दिला, ते नव्हे.

खोल गणिताचं उदाहरण हवं असेल तर ते सातबाऱ्यावर आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, तलाठ्याच्या सहीशिक्क्यासाठी चकरा माराव्या लागत नाहीत. आपल्याकडच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांत आरएसए ही पद्धत सर्रास वापरली जाते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार चुटकीसरशी होतो, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं जवळपास अशक्य असतं, हा तिचा पाया. ती १९७७ मध्ये जाहीर झाली. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांनी तीच कल्पना १९७३ मध्ये काढली होती, पण ती १९९७ पर्यंत गुलदस्त्यात राहिली. मुळाशी असलेलं प्रमेय फर्माचं, १६४० चं. म्हणजे प्रमेयापासून सातबाऱ्यापर्यंत पावणेचारशे वर्षं. "कधी ना कधी उपयोग होतोच" हे कर्जाच्या हप्त्याला अडलेल्या माणसाला सांगण्यासारखं उत्तर नाही. सातबारा ऑनलाइन झाला म्हणून कापसाचा भाव वाढला नाही, हेही आहेच.

पण उलट बाजूचा हिशेबही तपासावा. विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात आकड्यांनिशी मांडला गेला. २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर विषबाधेने दगावले. यांतली एकही गोष्ट गणितज्ञांनी निधी पळवला म्हणून घडली नाही. आणि ज्याला दुःख दिसतं त्याला गणित सुचू नये, असंही नाही. पवनारचे विनोबा भूमिहीनांसाठी देशभर पायी फिरले आणि गणितावर जीव टाकत राहिले. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असं म्हणत ते जमिनीचा सहावा हिस्सा मागायचे.

या वादात मला सगळ्यात वजनदार वाटतो तो १९६७ चा प्रसंग. अलेक्झांडर ग्रोथेंडिक हा त्या काळचा अव्वल गणितज्ञ उत्तर व्हिएतनामला गेला. बॉम्बच्या भीतीने हनोईचं विद्यापीठ जंगलात हलवलेलं होतं. तिथे त्याने अत्यंत अमूर्त गणितावर व्याख्यानं दिली, आणि ऐकायला माणसं होती. ज्यांच्या डोक्यावर विमानं होती त्यांना हे गणित चैनीचं वाटलं नाही. पुढे १९७० मध्ये, फ्रान्समधल्या आपल्या संशोधनसंस्थेला संरक्षण खात्याचा पैसा मिळतो हे कळल्यावर त्याने ती संस्था सोडली. गणित कोणाच्या पैशावर चालतं, हे त्याला महत्त्वाचं वाटत होतं. हनोईत जन्मलेल्या न्गो बाओ चाऊ यांना २०१० मध्ये गणितातलं सर्वोच्च मानलं जाणारं फील्ड्‌स पदक मिळालं, तेही आपल्या शेजारच्या हैदराबादेत.

म्हणून पाटणचा हिशेब पुन्हा काढावासा वाटतो. आज वावरात फवारायच्या बाटलीवर जीएसटी भरणारा कास्तकारही देशातल्या संशोधनसंस्थांना पोसतो. त्या संस्थांत त्याची पोरं किती, हा प्रश्न "गणित हवं की धान्य" यापेक्षा मला जास्त टोचतो. "हे शिकून काय भेटते बा?" असं एमएस्सीच्या पोरीला विचारणारा बाप गणिताच्या नैतिकतेबद्दल बोलत नसतो. घरात पैसा कधी येणार, एवढंच तो विचारतो, आणि फेलोशिप महिनोन्‌महिने अडकली की त्याचंच खरं ठरतं.

वाटा नाहीत असं नाही. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ १९८३ पासून आहे, शिष्यवृत्त्या देतं. १९९३ पासून एमटीटीएस या गणित प्रशिक्षण आणि प्रतिभाशोध उपक्रमाची उन्हाळी शिबिरं भरतात, निवड झालेल्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च शिबिरच उचलतं. तालुक्याच्या कॉलेजात त्याची नोटीस लागेल की नाही, हे बहुतेक वेळा तासिका तत्त्वावरच्या सरांवर असतं. त्यांना पैसे तासाचे मिळतात, नोटीस लावण्याचे नाही.