जॅकी रॉबिन्सनचे कॉलेजातले फोटो: मूळ प्रिंट कोणती, वायरफोटो कोणता?

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीग बेसबॉलमधली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधली, अनेक दशकं कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणारी भिंत पडली. पण काही संग्राहकांचा जीव अडकलेला असतो तो त्याआधीच्या रॉबिन्सनमध्ये, १९३९ ते १९४१ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडून खेळणाऱ्या पोरात. या काळातले दोन फोटो शेजारी ठेवले तर वरवर फरक कळत नाही. तीच पोझ, तीच २८ नंबरची अमेरिकन फुटबॉलची जर्सी, तोच आकार. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या कितीतरी पट.

महाग असते ती मूळ प्रिंट. कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हवरून थेट कागदावर काढलेली, तीही फोटो टिपल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत. बाजारात हिला ‘टाइप वन’ म्हणतात. दुसरा असतो वायरफोटो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १ जानेवारी १९३५ ला ही सेवा सुरू केली. फोटो फिरत्या ड्रमवर गुंडाळायचा, प्रकाशाचा ठिपका तो रेघेरेघेने वाचायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून गेलेला संकेत दुसऱ्या शहरातल्या ड्रमवर पुन्हा रेघेरेघेने उमटायचा. थोडक्यात, फोटोचा फोटो. हा ‘टाइप थ्री’.

ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. वायरफोटोत बारीक समांतर रेघा दिसतात, चेहरा सपाट वाटतो, सावलीतला तपशील गिळला जातो. मुख्य खूण म्हणजे मजकूर: टाइप केलेल्या ओळी चित्राबरोबरच तारेवरून आलेल्या असतात, म्हणून त्या फोटोच्या पुढच्या बाजूलाच छापलेल्या दिसतात. मूळ प्रिंटवर बुटांच्या नाड्याही मोजता येतात, आणि मजकुराची चिठ्ठी बहुतेक वेळा मागे डकवलेली असते, पिवळी पडलेली, कडेला फाटलेली. गडद भागावर तिरपा उजेड पाडला की कधीकधी चांदीसारखी झाक मारते. ती जुन्या कागदाची खूण, डाग समजून पुसायला जाऊ नका!

खरा घोळ तारखांचा आहे. चित्र कधीचं आणि कागद कधीचा, हे दोन वेगळे प्रश्न. वर्तमानपत्रं फोटो जपून ठेवत आणि पुन्हा वापरला की मागे नवा शिक्का मारत. ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉन्ट्रियल रॉयल्सने, म्हणजे डॉजर्सच्या दुय्यम संघाने, रॉबिन्सनला करारबद्ध केल्याची बातमी फुटली. त्या महिन्याचा शिक्का १९३९ च्या प्रिंटवरही असू शकतो. म्हणून सगळ्यांत जुना शिक्का शोधायचा. याउलट, जुन्या निगेटिव्हवरून १९४७ मध्ये नव्याने काढलेली प्रत ‘टाइप टू’ ठरते, मग चित्र कितीही जुनं असो. काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात, कागद निळसर लख्ख उजळला तर तो १९४० चा नाही. कागदात तशी चमक आणणारी रसायनं १९५० च्या सुमारास आली.

माझं मत विचाराल तर वायरफोटोला नाक मुरडणं अन्यायाचं आहे. १९४५ च्या कराराची बातमी गावोगावी पोचली ती याच तारांवरून, त्यामुळे त्या दिवसाचा वायरफोटो हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. कॉलेजच्या फोटोला मात्र मूळ प्रिंटच घ्यावी.

शेवटचं एक. यूसीएलएच्या बेसबॉल गणवेशातला रॉबिन्सन म्हणून कोणी फोटो दाखवला तर दुप्पट सावध व्हा. कॉलेजात त्याने बेसबॉलचा एकच हंगाम खेळला, १९४० चा, आणि सरासरी होती ०.०९७, म्हणजे दहा प्रयत्नांत एक हिटसुद्धा नाही. त्याच वर्षी लांब उडीत तो राष्ट्रीय विद्यापीठ विजेता ठरला. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्येही त्याचं नाव होतं. दाखवलेला गणवेश १९४५ च्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या संघाचा किंवा १९४६ च्या रॉयल्सचा निघू शकतो. पैसे मोजण्याआधी छातीवरची अक्षरं भिंगाखाली वाचा.