‘केमो ब्रेन’: एका अडनिड्या नावाची पार्श्वभूमी

‘केमो ब्रेन’ हा शब्द डॉक्टरांनी नव्हे, रुग्णांनी रुजवला. केमोथेरपी, म्हणजे कर्करोगावरची औषधं (थोडक्यात ‘केमो’), घेतल्यावर ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडणं, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागणं, गॅसवर दूध ठेवल्याचं विसरणं, अशा तक्रारींना त्यांना एक नाव हवं होतं.

मुलांच्या बाबतीत उपचारांचा मेंदूला असलेला धोका लवकर ओळखला गेला. रक्ताच्या कर्करोगात आजार मेंदूत पसरू नये म्हणून डोक्याला २४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) किरण दिले जात. बरी झालेली मुलं शाळेत मागे पडू लागली, तेव्हा मात्रा १८ ग्रेवर आली आणि पुढे बहुतेकांचे हे किरणोपचार वगळून मणक्यातून औषध देणं वाढलं. मोठ्या माणसांना मात्र ‘ताण असेल, वय झालं’ एवढंच ऐकावं लागे. १९८०च्या आसपास त्यांच्या तक्रारींवर आलेले अहवाल तसेच पडून राहिले. मला वाटतं, १९९०नंतर केमोच्या उलट्या थांबवणारी चांगली औषधं आली आणि मगच ही तक्रार कानावर पडायला जागा झाली.

१९९८ साली नेदरलँड्समधला स्तनकर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त मात्रेची केमो घेतलेल्यांपैकी ३२ टक्के, नेहमीची घेतलेल्यांपैकी १७ टक्के आणि केमो न घेतलेल्यांपैकी ९ टक्के स्त्रियांमध्ये आकलनाची, म्हणजे स्मरण, लक्ष, विचार यांची, घट दिसली. आकडे बोलके होते, पण एक मेख होती. उपचारांआधी कुणाचीच चाचणी झालेली नव्हती.

तशी चाचणी झाली तेव्हा पंचाईत झाली. २००४च्या अभ्यासांत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे गुण केमोचा थेंबही अंगात जाण्याआधीच कमी आढळले. मग दोष केमोचा, आजाराचा, शस्त्रक्रियेचा, चिंतेचा की संप्रेरकांच्या गोळ्यांचा? त्यातून ‘कर्करोगाशी निगडित आकलनदोष’ असं लांबलचक नाव पुढे आलं. शास्त्र म्हणून ते अधिक अचूक आहेच. पण त्यात कुणावरच बोट राहत नाही, आणि केमोनंतर आणखी घसरण झालेल्या स्त्रियाही त्याच अभ्यासांत होत्या, हे सांगायचं राहून जातं.

२०११ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने ठरावीक चाचण्या सुचवल्या. बारा शब्द तीनदा ऐकवायचे, वीस-पंचवीस मिनिटांनी परत विचारायचे. आकडे आणि अक्षरं आलटून-पालटून रेघेनं जोडायची. एका अक्षरानं सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायचे. (मराठीत ‘क’ दिला तर ‘का’, ‘कि’, ‘कु’ धरायचे की नाही, इथूनच वाद!) या गुणांचा रुग्णाच्या तक्रारीशी मेळ बऱ्याचदा बसत नाही. तक्रारीचं नातं थकव्याशी आणि उदासीशी अधिक दिसतं, म्हणून ती मनाची समजली जाते. पण चाचणी होते बंद खोलीत, एका वेळी एकच काम देऊन. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, फोन वाजत असतो आणि दारात दूधवाला हिशेब मागत उभा असतो.