तादेलाक्त : मराकेशच्या घोटीव चुन्याची पार्श्वभूमी

टाइल नाही, सांधा नाही, कोपरासुद्धा गोलाई देऊन वळवलेला, आणि तरीही भिंतीवर पडलेलं पाणी ओघळून जातं. अशी न्हाणीघरं हल्ली युरोपातल्या हॉटेलांपासून बंगल्यांपर्यंत दिसतात आणि त्या गिलाव्याला सरसकट ‘तादेलाक्त’ म्हटलं जातं. मूळ तादेलाक्त मोरोक्कोतल्या मराकेश शहराचा आणि त्याच्या भोवतालच्या हाउझ मैदानाचा. हम्मामच्या, म्हणजे सार्वजनिक वाफेच्या न्हाणीघरांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, हौद आणि श्रीमंतांच्या वाड्यांतल्या भिंतींचा खालचा पट्टा ही त्याची जुनी जागा. आजच्या बाथरूममध्ये तो फसतो, तेव्हा बहुतेकदा कारण एकच असतं. त्याची कृती उचललेली असते, पण तो ज्या चुन्यावर आणि ज्या वाफेवर उभा होता त्यांचा विचार केलेला नसतो.

अल्मोराविद या बर्बर राजघराण्याने १०७०च्या सुमारास मराकेश वसवलं ते कोरड्या मैदानात. तिथे वर्षाला साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो. भूजल शहरापर्यंत आणायला जमिनीखालून ‘खेत्तारा’ नावाचे बोगदे खोदले गेले. पुढे अल्मोहाद या त्यांच्यानंतरच्या राजघराण्याच्या काळात, १२व्या शतकात, मेनारा आणि अग्दाल बागांचे मोठे जलाशय आले. बेन युसुफ मशिदीजवळची अल्मोराविद कुब्बा, म्हणजे घुमटाची छोटी वास्तू, आजही उभी आहे. मुळात ती नमाजाआधी हातपाय धुण्याची जागा होती. घराघरांतली टाकी, मशिदीतला हौद, गल्लीतला हम्माम अशी जागोजागी पाणी धरून ठेवायची किंवा वाफ सोसायची गरज होती. भिंती मात्र बहुतेक ठोकलेल्या मातीच्या किंवा विटांच्या, म्हणजे दोन्ही पाणी पिणाऱ्या. त्यांना वाचवायला चुन्याशिवाय दुसरं काही हाताशी नव्हतं.

पाण्यात टिकणारा चुना ही उत्तर आफ्रिकेला नवी गोष्ट नव्हती. रोमन लोक टाक्यांना आणि स्नानगृहांना विटांची भुकटी घातलेल्या चुन्याचा गिलावा करत. मोरोक्कोतल्या व्होलुबिलिसमध्ये रोमन स्नानगृहांचे अवशेष आहेत. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळते आणि मिश्रण हवेशिवाय, ओलाव्यातही घट्ट होतं, हे त्या भुकटीमागचं कारण. मराकेशला ती वेगळी घालावी लागली नाही, कारण तिथल्या चुनखडीतच चिकणमाती आणि सिलिका मिसळलेली असते.

खरी गोम भट्टीत आहे. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला तुटते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याच उष्णतेत दगडातल्या मातीचा काही भाग चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट तयार होतं, आणि हाच भाग पुढे पाण्याने घट्ट होतो. मराकेशच्या जुन्या भट्ट्या लाकूडफाटा आणि झावळ्यांवर पेटत. त्यांत आच सगळीकडे सारखी नसे. आगीजवळचा दगड पुरता भाजे, दूरचा अर्धाच. त्यामुळे हाती येणाऱ्या चुन्यात न भाजलेल्या खडीचे बारीक खडे, राख आणि कोळशाचे कणही असत. आधुनिक कारखाना असा चुना नापास करील. पण तादेलाक्तला वेगळी वाळू घालावी लागत नाही ती याच खड्यांमुळे. चुना आकसताना ते आतून आधार देतात, आणि ते चुनखडीचेच असल्याने घोटताना बाकीच्या चुन्यात बेमालूम मिसळतात. नदीची धारदार वाळू घातली, तर दगड फिरवताना कण उपटून येतो आणि पृष्ठभागावर रेघ ओढत जातो. म्हणून शुद्ध पांढरा चुना आणून तादेलाक्त करू पाहणाऱ्यांना संगमरवराची भुकटी आणि विटांची किंवा तत्सम भाजक्या मातीची पूड घालून तोच मेळ हाताने जमवावा लागतो.

आता हम्माम. थंड, कोमट आणि गरम अशा खोल्या एकापाठोपाठ एक असतात. गरम खोलीखाली किंवा शेजारी भट्टी, हवा कायम दमट. चुन्याला हेच हवं असतं. पाणी घालून विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, आणि ही क्रिया ओलसरपणाशिवाय नीट चालत नाही. हम्मामची भिंत वर्षानुवर्षं त्या दमटपणात मुरत जाई. शिवाय जिथे पाणी साचतं आणि पावलं घासतात ती जमीन सहसा संगमरवराची किंवा दगडी फरशीची असे. उभ्या भिंतीला तादेलाक्त आणि पायाखाली दगड, ही जुनी वाटणी फार शहाणपणाची होती.

कृती वरवर साधी वाटते. चुन्याची पूड पाण्यात कालवून निदान एक रात्र, शक्यतो चोवीस तास तशीच ठेवायची, म्हणजे न विरलेले खडे भिंतीवर चढण्याआधीच फुटतात. हे चुकलं की काही आठवड्यांनी पोळीला फोड यावेत तसे भिंतीवर वाटोळे टवके उडू लागतात. रंग हवा असेल तर चुन्यात टिकणारे, म्हणजे मुख्यतः लोहयुक्त मातीचे रंग आधी पाण्यात भिजवून मिसळायचे. चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर गेलं की गिलावा कमकुवत होतो. सगळा माल एकाच वेळी कालवायचा, कारण दुसऱ्या घाण्याचा रंग पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही.

खालचा थर चुना आणि जाड्या वाळूचा, १० ते २० मिलिमीटर, खरबरीत ठेवलेला आणि काही आठवडे पिकलेला. त्यावर जिप्समचा अंशही नको, कारण ओलाव्यात जिप्सम आणि चुना एकमेकांना सुटतात. काम सुरू करण्याआधी भिंत पाण्याने तृप्त करायची, पण पृष्ठभागावर पाणी चमकत नको. कोरडी भिंत ताज्या थरातलं पाणी शोषून घेते, घोटायला वेळच उरत नाही, आणि केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं.

पहिला हात ३ ते ५ मिलिमीटर, लाकडी रंध्याने दाबून. तो जरा आवळला की त्याच दिवशी दुसरा, १ ते ३ मिलिमीटर. पुन्हा रंधा, गोल गोल फिरवत, दाब देत, खड्डे भरत. मग वाट पाहायची. बोट टेकवलं की हलका ठसा उमटावा, पण बोटाला चुना लागू नये. हा क्षण सापडला की काम निम्मं झालं. त्यानंतर लवचीक थापीने पृष्ठभाग आवळतात आणि गुळगुळीत कठीण दगड हातात घेतात. एक बाजू सपाट घासलेला गोटा, अकीक किंवा गारगोटी, लहान वर्तुळांत जोर देऊन. लवकर घोटलं तर चुना दगडाला चिकटून उचलला जातो. उशीर झाला तर दगड नुसता घसरतो, दाब आत पोचत नाही. साध्या लोखंडी थापीने फार वेळ घासलं तर काळे चट्टे पडतात, आणि हलक्या रंगावर ते जात नाहीत. सगळं घोटणं एकाच गोष्टीसाठी आहे: वरच्या थरातली पोकळी कमी करून कण एकमेकांत रुतवणं. पाणी अडवण्याचा मोठा वाटा या दाबाचाच असतो. साबणाचं काम त्यानंतर सुरू होतं, पण विक्रीच्या जाहिराती सगळं श्रेय साबणालाच देतात.

साबण म्हणजे ऑलिव्ह तेल आणि पोटॅशपासून केलेला मऊ काळा साबण, जो हम्माममध्ये अंगालाही लावतात. साधारण एक भाग साबण दहा ते वीस भाग कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावतात आणि लगेच पुन्हा दगड फिरवतात. साबणातली तेलाम्लं चुन्यातल्या कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा कॅल्शियम साबण बनतो. बोअरच्या जड पाण्यात साबण लावल्यावर बादलीच्या कडेला जो चिकट थर बसतो, तोच हा पदार्थ. इथे मात्र तो पृष्ठभागाच्या सूक्ष्म छिद्रांत हवा असतो. चुना ताजा आणि ओलसर असेतोवरच ही जोडणी नीट होते. आंघोळीची सोडा-साबणाची वडी किंवा सुगंधी द्रव साबण यासाठी चालत नाही.

तेल किंवा चरबी देऊन घोटलेला चुना ही एकट्या मोरोक्कोची मिरास नाही. येमेनमध्ये चुना आणि ज्वालामुखी खडकाची भुकटी मिळून ‘कदाद’ करतात. तो दिवसचे दिवस ठोकून, घोटून वरून चरबी देतात. रदा इथल्या १६व्या शतकाच्या सुरुवातीच्या अमिरिया मदरशाचं जतन करताना ही कला पुन्हा उभी राहिली आणि २००७ साली त्या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. राजस्थानातली आराइशही अकीकाने घोटतात. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्याकिल्ल्यांच्या बांधकामात चुना घाणीत मळून त्यात गूळ, हिरडा असे जिन्नस घालत. म्हणजे आपल्याकडे भर चुन्याच्या गोळ्यातच पडायची, मराकेशला ती शेवटी कातडीवर येते.

फ्रेंच संरक्षित राज्याच्या काळात (१९१२ ते १९५६) सिमेंट मोरोक्कोत रुळलं. कासाब्लांकात सिमेंटचा कारखाना १९१३मध्येच निघाला. हम्माममध्ये टाइल आली आणि घोटाईला लागणारे हात महाग वाटू लागले. तादेलाक्त मागे पडला, पण संपला नाही. १९६०च्या दशकात मराकेशला आलेल्या बिल विलिस या अमेरिकी सजावटकाराने बड्या लोकांच्या घरांत तो दिवाणखान्यात, शेकोटीवर, खांबांवर आणला. १९८५ला मराकेशचं जुनं शहर जागतिक वारसा यादीत गेलं. नंतर परदेशी लोकांनी तिथले रियाद, म्हणजे अंगणाचे वाडे, विकत घेऊन हॉटेलं केली, आणि तादेलाक्त तिथून छायाचित्रांतून जगभर गेला. या प्रवासात तो दमट हम्माममधून एसी लावलेल्या, काचेच्या शॉवरमध्ये पोचला.

फसण्याची कारणं इथूनच सुरू होतात. नव्या भिंतीला तीन-चार आठवडे पाणी लागू द्यायचं नसतं, आणि पहिले काही दिवस तर वारा, ऊन, हीटरही नको. कंत्राटदाराला एवढा धीर नसतो. पातळ बोर्डाची भिंत हलली की चुना चिरतो, म्हणून बोर्ड घट्ट हवा, त्याच्या सांध्यांवर जाळी हवी आणि वर वाळूमिश्रित पकडीचा थर हवा. शॉवरची जमीन किंवा बसायचा ओटा तादेलाक्तचा केला तर साचलेलं पाणी आणि बाटल्यांखालचा ओलावा साबणाचा थर हळूहळू काढून टाकतो. हा गिलावा पाणी ओघळवतो, पण वाफेला आतबाहेर जाऊ देतो. तो जलरोधक पडदा नव्हे. इमारतीला पडदा लागणार असेल तर तो मागच्या थरात द्यावा लागतो. नळाचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथला सांधाही लवचीक भरणीनेच बंद करायचा, कारण पाइप हलतो आणि चुना हलत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान साफसफाईत होतं. आपल्याकडे क्षारांचे डाग काढायला सर्रास वापरलं जाणारं टाइलचं ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू लागलं की चुना फसफसतो आणि चकाकी कायमची जाते. कडक डिटर्जंट तेलाचा अंश ओढून घेतो. पाण्यात विरघळवलेला काळा साबण, मऊ फडकं आणि आंघोळीनंतर एकदा पुसणं एवढंच पुरतं. पाणी मोत्यासारखं न थांबता भिंत काळवंडू लागली, तर ती पूर्ण वाळवून साबणाचा नवा हात द्यायचा. ओल्या खोलीत मेण टाळलेलं बरं, कारण आत अडकलेला ओलावा मेणाखाली पांढुरके डाग धरतो. केसासारखी भेग साबणाने आणि दगडाने बुजते. टवका उडाला तर मात्र ठिगळ दिसतंच, कारण ताजा चुना जुन्याच्या रंगाला आणि चकाकीला येत नाही. म्हणून जाणता गवंडी ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण खरवडून नव्याने करायला घेतो.