फिजिक्सच करायचंय? बारावीनंतर पुण्यातून अर्ज कुठे करायचा, कोणती कागदपत्रं लागतात

अकरावी-बारावी सायन्सला आहात आणि इंजिनिअरिंग नको, फिजिक्सच करायचंय असं ठरलंय, तर ही माहिती तुमच्यासाठी आणि तुमच्या आईवडिलांसाठी. मार्कांच्या तयारीबद्दल सगळेच बोलतात. कागदपत्रांबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि हातात आलेली जागा बऱ्याचदा तिथेच अडते.

आधी एक गैरसमज दूर करू. 'आयुकात बारावीनंतर ॲडमिशन कशी मिळते?' असं पुण्यात पुष्कळ पालक विचारतात. आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राची) या दोन्ही संस्था विद्यापीठाच्या आवारात आहेत, खोडदची जीएमआरटी दुर्बीणही एनसीआरएचीच, पण तिथे पदवीचा अभ्यासक्रम नाही. तिथे पीएचडीसाठी जायचं असतं, म्हणजे एमएस्सीच्या टप्प्यावर 'आयनॅट' ही त्यांची संयुक्त चाचणी देऊन. तोपर्यंत त्यांची व्याख्यानं ऐका आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जरूर जा. बारावीनंतरचा अर्ज मात्र दुसरीकडे करायचा आहे.

पहिला अर्ज पाषाणच्या आयसरचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचा. २००६ साली सुरू झालेल्या या संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. देशातल्या सातही आयसरसाठी मिळून एकच परीक्षा असते, आयएटी. पात्रतेसाठी बारावी सायन्सला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र यांपैकी किमान तीन विषय हवेत आणि बोर्डात ६० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५५ टक्के. बारावी कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालेली चालते, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. गॅप घेणाऱ्यांनी तर नक्कीच. अर्ज साधारण मार्चमध्ये सुरू होतात. परीक्षा तीन तासांची, ६० प्रश्नांची: चारही विषयांचे १५-१५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. यात विषय सोडायची सोय नाही. त्यामुळे पीसीएमवाल्यांनाही (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेतलेल्यांनाही) जीवशास्त्राच्या १५ प्रश्नांना सामोरं जावंच लागतं. दहावीनंतर पेशीचं चित्रही न पाहिलेल्यांनी अकरावीच्या जीवशास्त्राची सोपी प्रकरणं तरी वाचून ठेवावीत, माझ्या मते तो वेळ वाया जात नाही.

आता कागदपत्रं. फोटो, सही, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र हे सगळे जमवतात. खरा घोळ होतो तो आरक्षणाच्या दाखल्यांचा. आयसर ही केंद्राची संस्था आहे, त्यामुळे दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. कॉलेज प्रवेशासाठी काढलेलं राज्याचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र, त्यावर पुढच्या दोन वर्षांची मुदत असली तरी, इथे पुरत नाही. ओबीसी नॉन-क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दोन्ही दाखले प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेले लागतात. शिवाय तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे आधी तपासा. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे स्वतंत्र प्रवर्ग केंद्रात नाहीत. तिथे जात केंद्राच्या यादीत असेल तर ओबीसीतून अर्ज होतो. एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, हाही राज्याचाच प्रवर्ग) दाखलाही केंद्रात चालत नाही. अशांना ईडब्ल्यूएसचे निकष बसत असतील तर त्या प्रवर्गातून अर्ज करता येतो: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपेक्षा कमी, शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी, फ्लॅट १००० चौरस फुटांपेक्षा लहान, आणि भूखंडाच्याही काही मर्यादा.

म्हणून माझा आग्रह असा की जातीचा दाखला, उत्पन्नाचे दाखले, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीतच एका फायलीत लावून ठेवा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज टाका. अर्ज देताना 'केंद्राच्या नमुन्यात हवा' हे स्पष्ट सांगा आणि माहितीपत्रकातल्या नमुन्याची छापील प्रत सोबत न्या. जूनमध्ये तहसील कार्यालयात सगळ्या तालुक्याची गर्दी असते. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

दुसरा अर्ज नेस्टचा. भुवनेश्वरची नायझर आणि मुंबईत कलिनाला असलेली सीईबीएस या दोन संस्थांच्या पाच वर्षांच्या एमएस्सीसाठी ही परीक्षा आहे. इथे चारपैकी सर्वोत्तम तीन विषयांचे गुण धरले जातात, त्यामुळे एक विषय कच्चा असणाऱ्यांना ती जास्त सोयीची.

या दोन्हीत जागा मिळाली नाही तर काय? फर्ग्युसन, एस. पी., मॉडर्न, गरवारे अशा कॉलेजांत बीएस्सी करा आणि हा कमी दर्जाचा रस्ता आहे असं कुणालाही म्हणू देऊ नका. बीएस्सीनंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, आयसरच्या इंटिग्रेटेड पीएचडीलाही (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) अर्ज करता येतो. प्रत्येक कॉलेजचा अर्ज त्याच्या स्वतःच्या वेळापत्रकानुसार भरायचा असतो. बारावीला गणित मात्र ठेवाच, नुसत्या जीवशास्त्राच्या गटाने फिजिक्सची वाट अरुंद होते.

अजून अकरावीत असाल तर नोव्हेंबरमध्ये होणारी एनएसईपी ही परीक्षा देऊन पाहा. फिजिक्स ऑलिंपियाडची ही पहिली पायरी. नोंदणी त्याआधी काही महिने होते.

शेवटचा अर्ज प्रवेश झाल्यावरचा, इन्स्पायर शिष्यवृत्तीचा. बारावीच्या बोर्डात पहिल्या १ टक्क्यात असाल, किंवा जेईई-नीटमध्ये पहिल्या १०,००० क्रमांकांत येऊनही मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतला असेल, तर वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. वय १७ ते २२ असावं लागतं, उत्पन्नाची अट नाही. लागतात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. बीएस्सीवाल्यांनाही ही शिष्यवृत्ती आहे, आयसरवाल्यांनाही. पण अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो, तेव्हा कॉलेज सुरू झालं की लगेच कार्यालयात जाऊन ते प्रमाणपत्र मागून घ्या.