फास्ट कार्ड काढायचंय? आधी डिस्पॅचरला विचारा, मग पैसे भरा

कॅनडातून अमेरिकेत ट्रक नेणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की फास्ट कार्ड, म्हणजे आधीच तपासणी झालेल्या ट्रक ड्रायव्हरचं बॉर्डर कार्ड, हातात आलं की लाइन सोडून सरळ निघायचं. तसं नाहीये. बॉर्डरवरचा ॲम्बॅसेडर ब्रिज असो नाहीतर पीस ब्रिज, फास्ट लेनने अमेरिकेत जायचं तर ड्रायव्हरकडे कार्ड पाहिजेच, पण ट्रक कंपनी आणि माल मागवणारा इम्पोर्टर हे दोघंही सी-टीपॅटमध्ये, म्हणजे अमेरिकन कस्टमच्या सुरक्षित मालवाहतुकीच्या योजनेत, पाहिजेत, तिघांपैकी एक जरी नसला तरी तुम्ही साध्या लाइनीत. मेक्सिकोकडून जाताना तर माल बनवणारा कारखानाही त्यात लागतो. म्हणून आधी डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीत ट्रकच्या फेऱ्या ठरवणाऱ्याला, विचारा की आपल्या कंपनीचं काय आहे.

वय १८ पूर्ण, व्हॅलिड ड्रायव्हिंग लायसन्स आणि अमेरिका किंवा कॅनडाचं नागरिकत्व नाहीतर पीआर (कायमचं राहण्याचा परवाना), एवढं लागतं. गुन्हा, कस्टमची जुनी भानगड किंवा फॉर्ममध्ये खोटी माहिती असेल तर नकार येऊ शकतो. कॅनडाच्या बॉर्डरसाठी दोन्ही देश तपासतात आणि दोघांचाही होकार लागतो.

अर्ज अमेरिकन कस्टमच्या टीटीपी (ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम्स) साइटवर अकाउंट उघडून करायचा. फी ५० अमेरिकन डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही, कार्ड ५ वर्षं चालतं. मागच्या ५ वर्षांचे सगळे पत्ते आणि नोकऱ्या भरायच्या असतात आणि खरी डोकेदुखी इथेच आहे, कारण मधले दोन महिने मित्राकडे राहिलो होतो ते कोण लक्षात ठेवतं, पण तारखांमध्ये गॅप ठेवू नका, आधी कागदावर लिहून काढा मगच टाइप करा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि लायसन्सवर नाही असं असेल तर तेही आधीच बघून घ्या.

प्राथमिक मंजुरी आली की एनरोलमेंट सेंटरला इंटरव्ह्यू. पासपोर्ट, पीआर कार्ड, लायसन्स, पत्त्याचा पुरावा, सगळं ओरिजिनल न्या. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात. आणि हो, भारतीय पासपोर्टवाल्या पीआरनी लक्षात ठेवा, हे कार्ड म्हणजे व्हिसा नाही.

कार्डात आरएफआयडी चिप (लांबूनच रेडिओ सिग्नलने वाचता येणारी) असते, बूथच्या आधीच रीडर ती वाचतो आणि ऑफिसरच्या स्क्रीनवर तुमची माहिती येते. कार्ड ज्या पाकिटात येतं ते सिग्नल अडवतं, त्यामुळे रीडरपाशी ते बाहेर काढून धरा.

कंपनीने ई-मॅनिफेस्ट, म्हणजे ट्रक आणि मालाची ऑनलाइन यादी, अमेरिकन कस्टमच्या एस (ACE) सिस्टिममध्ये आधी भरलेलं पाहिजे, फास्टसाठी पोचायच्या किमान ३० मिनिटं आधी, एरवी १ तास. यार्डात ऐनवेळी ट्रेलर बदलला तर निघायच्या आधी ऑफिसला फोन करून मॅनिफेस्टमधला नंबर बदलून घ्या, नाहीतर स्क्रीनवर एक ट्रेलर आणि तुमच्या मागे दुसराच.